नळामागचे रान

आपल्या मंडळाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, चाळीतल्या एका खोलीत हळदीकुंकवाच्या निमित्ताने जमलेल्या अकरा जणींनी हे रोपटे लावले. स्मरणिकेच्या संपादिका भगिनींनी मला प्रेमळ आज्ञा केली, “तुम्ही शाळेत इतिहास शिकविलात, तेव्हा काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या.” शिवनेरी किंवा रायगड यांवर मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु ज्या गोष्टीचा इतिहास आपल्यापैकी फारच थोड्या जणींना ठाऊक आहे, आणि जी रोज सकाळी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते, तिच्याविषयीच लिहावे असे मला वाटले. ती गोष्ट म्हणजे आपल्या बोरिवलीच्या पूर्वेचे रान, आपण सगळ्या ज्याला नुसते ‘नॅशनल पार्क’ म्हणतो ते.

लग्न होऊन १९७१ साली मी या गावी आले, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या होत्या, “संध्याकाळी मागचे दार लावून घेत जा, डोंगरावरून जनावर उतरते.” रानाची माझी पहिली ओळख ही अशी भीतीची. पुढे वनभोजनांच्या निमित्ताने ओळख वाढली, आणि प्रेम जडावयास त्याहूनही बराच काळ लागला. ते कसे जडले ते शेवटी सांगेन. आधी इतिहास.

हे रान ज्या भूमीवर उभे आहे तिचे जुने नाव साष्टी. एके काळी हे मोठे बेट होते आणि त्याच्या मधोमध डोंगरांची ओळ होती. त्या डोंगरातील कान्हेरीची लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. निदान मुलांची सहल घेऊन तरी आपण तेथे गेलो आहोत. ‘कान्हेरी’ हे नाव ‘कृष्णगिरी’पासून आलेले आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे खोदकाम सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे ते चालू राहिले. शंभराहून अधिक लेणी या एका डोंगरात आहेत. कल्याण आणि सोपारा ही त्या काळची मोठी बंदरे. तेथील व्यापाऱ्यांनी, कारागिरांनी दिलेल्या दानांचे लेख लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. त्या दात्यांत स्त्रियाही आहेत, भिक्षुणी आहेत, उपासिका आहेत. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याच्या राणीचा उल्लेख एका लेखात आहे. ती क्षत्रपांच्या कार्दमक कुळातील होती. हा लेख एका अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्यासंबंधी आहे.

भगिनींनो, या गोष्टीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. सोने-नाणे, जमीनजुमला यांची दाने तर होतीच, पण रानात राहणाऱ्या भिक्षूंसाठी खडकात पाण्याचे टाके खोदून देणे हे पुण्यकर्म समजले जात होते. अशा टाक्याला शिलालेखांत ‘पोढी’ असा शब्द आहे. कान्हेरीला लेण्यालेण्याबाहेर अशा पोढ्या आहेत, आणि डोंगरमाथ्यावरचा पाऊस त्यांत यावा म्हणून खडकात पन्हळी खोदलेल्या आहेत. पावसाचे चार महिने धो धो पाणी आणि उरलेले आठ महिने उन्हाळा, हे आपल्या कोकणपट्टीचे जुने दुखणे त्या लोकांनी नीट ओळखले होते. तेव्हापासून आजपर्यंत या रानाचा इतिहास लिहावयाचा तर तो पाण्याचाच इतिहास होतो.

जाता जाता एक गंमत सांगते. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरी पाहावयास आली होती. त्यांनी आपली नावे पहलवी लिपीत एका लेण्याच्या भिंतीवर कोरून ठेवली. प्रेक्षणीय स्थळी जाऊन आपले नाव कोरण्याची खोड हजार वर्षांची जुनी आहे म्हणावयाची! मात्र खडकावरचे नाव इतिहास झाले. झाडाच्या सालीवर आजची मुले जी नावे कोरतात, त्यांची झाडाला जखम होते आणि तीतून कीड आत शिरते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा फरक नेहमी सांगत असे.

साष्टी पुढे पोर्तुगीजांकडे गेली, त्यांच्याकडून १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ती घेतली. राज्ये बदलली तरी डोंगरातले वारली, कोकणा, महादेव कोळी तेथेच होते. नाचणी-भात पिकवीत होते, रानातून जळण, मध, कंदमुळे आणीत होते. रानावर खरा फरक पडला तो इंग्रजी अमलात. जहाजांना सागवान हवे, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावल्यावर रुळांखाली लाकडे हवीत, इंजिनांना आणि वाढत्या शहराच्या चुलींना सरपण हवे. कुऱ्हाड एवढी चालली, की खुद्द सरकारलाच भीती वाटू लागली. मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांचे पहिले संरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. १८६५ आणि १८७८ साली जंगलांचे कायदे झाले आणि रानाभोवती सरकारी हद्दीचे दगड उभे राहिले.

या कायद्यांनी झाडे वाचली हे खरे, पण ज्यांचे चूलपोतेरे त्या झाडांवर चालत होते त्यांची कोंडी झाली. आपल्या ठाणे-कुलाब्याकडे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्याची रीत आहे. तिला राब म्हणतात, आणि राबाला झाडांच्या फांद्या व पालापाचोळा लागतो. त्यावर बंधने आली, गुरांना चराई राहिली नाही. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ साली लिहिलेल्या पुस्तकात जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत, ते याच दुःखापायी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली सरकारला त्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. रान राखावे की रानातल्या माणसांना राखावे, हा वाद असा सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

आता पाण्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होते. माणसे वाढली, तळी गढूळली, आणि १८५४ साली पावसाने दगा दिला तेव्हा हाहाकार उडाला. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने शहराबाहेर, साष्टीच्या डोंगरात मिठी नदी अडवून तलाव बांधावा अशी योजना मांडली होती. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० साली विहार तलाव पुरा झाला. वीस वर्षांतच तोही अपुरा पडू लागला, म्हणून त्याच्या उत्तरेस १८७९ साली तुळशी तलाव तयार झाला आणि त्याचे पाणी पार मलबार टेकडीपर्यंत नेण्यात आले. घरात नळाची तोटी फिरवून पाणी घेण्याचे सुख मुंबईच्या गृहिणीला या दोन तलावांनी प्रथम दिले. डोक्यावरचा हंडा उतरण्यास तेथून सुरुवात झाली.

पण तलाव बांधून भागत नाही. ज्या डोंगरउतारांवरून पाणी तलावात येते, तेथे वस्ती झाली तर घाण येते, आणि झाडे तोडली तर माती वाहून येऊन तलाव भरतो. म्हणून तलावांभोवतालची जमीन मोकळी, वस्तीविना राखण्यात आली. तेथे रान वाढले. मला हे जेव्हा प्रथम समजले तेव्हा फार नवल वाटले. शेजारी एवढे मोठे शहर फोफावत असता, जमिनीला सोन्याचा भाव येत असता, हे अरण्य शिल्लक कसे राहिले? कोणा कवीच्या सौंदर्यदृष्टीपेक्षा शहराची तहान त्याच्या अधिक उपयोगी पडली. झाडांनी पाणी राखले आणि पाण्याने झाडे राखली.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानांचा कायदा केला. त्या काळी ‘कृष्णगिरी उपवन’ म्हणून ओळखला जाणारा भाग सुमारे २० चौरस किलोमीटरच होता. १९६९ साली आजूबाजूची राखीव जंगले त्यास जोडून त्याचा विस्तार झाला. १९७४ मध्ये कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान झाले, मग त्यास बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणू लागले, आणि १९८१ पासून त्याचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे आहे. आज त्याचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर भरते. मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध एवढे रान उभे आहे, त्यात बिबटे आहेत, सांबर-चितळ आहेत. परगावचे पाहुणे आले की आपण त्यांना समुद्र दाखवावयास नेतो. त्यांना हे रानही तितक्याच अभिमानाने दाखवावयास हवे.

मात्र अभिमानाबरोबर एक टोचणीही सांगितली पाहिजे. उद्यानाच्या कडेने हजारो झोपड्या वसल्या होत्या. त्याविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने १९९५ साली याचिका केली आणि १९९७ साली उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. पुढे कित्येक कुटुंबांना चांदिवलीला घरे मिळाली, पण मधल्या काळात पुष्कळांची आबाळ झाली. त्या दिवसांत आपल्या मंडळाच्या बालवाडीतील काही बसकरे रिकामी पडू लागली. मुले कोठे गेली याची आम्ही चौकशी केली, तेव्हा उत्तर ऐकून मान खाली गेली. रान वाचावे असे मला मनापासून वाटत होते, आणि त्या पाच-सहा वर्षांच्या मुलांची तोंडेही डोळ्यांसमोरून हलत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. रानातील आदिवासी पाडे तर उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना आपले म्हणणे मांडण्याचा आधार दिला. इतिहासाच्या शिक्षिकेला निकाल देण्याचा अधिकार नाही, परंतु किंमत कोणी मोजली याची नोंद तिने ठेवलीच पाहिजे.

आज मुंबईचे बहुतेक पाणी विहार-तुळशीचे नाही. तानसा, वैतरणा, भातसा अशा दूरच्या तलावांतून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून ते येते. पण तेथेही गोष्ट तीच. तानसा तलावाभोवतीचे रान १९७० पासून अभयारण्य आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत उभ्या राहतात, हे आपण दर वर्षी वर्तमानपत्रात वाचतो. मुंबईच्या बाईच्या डोक्यावरून उतरलेला हंडा तिकडच्या बाईच्या डोक्यावर अजून आहे. नळ सुरू ठेवून भाजी धुताना मला हे आठवते आणि हात आपोआप तोटीकडे जातो.

आणि पाणी नसले की जसा त्रास, तसा ते अडले नाही तरीही. मिठी, दहिसर, पोईसर या नद्या याच डोंगरात उगम पावतात. उद्यानात दहिसर नदीचे पाणी दगडांवरून कसे निर्मळ खेळते ते पाहा, आणि मग तीच नदी गावात आल्यावर पुलावरून पाहा! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीने काय केले ते आपण विसरलेल्या नाही. नदीला आपण गटार केले, तिने तेच पाणी आपल्या घरात आणून ओतले.

आता माझ्या प्रेमाची हकीगत. ती खरे तर माझ्या चुकीची हकीगत आहे.

१९८०-८५ च्या काळातली गोष्ट. तेव्हा आपल्यापैकी बहुतेक जणी वटपौर्णिमेला बाजारातून वडाची फांदी आणून घरीच पूजा उरकीत असू. नोकरीची घाई, सकाळची लोकल, आणि फांदी चार पावलांवर मिळे. मीही वर्षानुवर्षे तेच केले. जेष्ठ महिन्यात डोंगराकडच्या पाड्यावरून एक वारली मावशी शेवळे विकावयास येत. त्यांच्या टोपलीत शेवळांबरोबर काकडेही असत, कारण काकडांवाचून शेवळांची भाजी घशाला खाजते. त्या दिवशी माझ्या एका हातात वडाची फांदी होती आणि दुसऱ्या हाताने मी शेवळांची जुडी निवडीत होते. मावशींनी फांदीकडे पाहिले आणि अगदी सहज विचारले, “बाय, झाडाचा हात तोडून मंग त्यालाच हात जोडतेस?”

मी इतिहासाची पदवीधर, आणि त्या निरक्षर. मला उत्तर सुचले नाही. फांदी घरी नेली, पूजाही केली, पण मन लागले नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना मुद्दाम थांबवून विचारले, “मावशी, काकडे कोणत्या झाडाची?” त्या हसल्या. म्हणाल्या, “खातेस नि झाड म्हाईत नाय?” मग त्यांच्याच बोटाला धरून, म्हणजे त्यांच्या पाड्यापर्यंत चालत जाऊन, मी काकडाचे झाड पाहिले. तेव्हापासून दर पावसाळ्यात त्यांनी मला एकेक झाड दाखविले. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेला ऐन. पानझडीत पांढऱ्याफेक खोडाने उभा राहणारा, चांदण्यात पाहिला तर दचकावे असा कांडोळ. माघ-फाल्गुनात तांबडी लाल होणारी काटेसावर, पळस आणि पांगारा. वैशाखात पिवळ्या झुंबरांचा बहावा, आणि आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प झालेले जांभळे ताम्हण. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, जिच्या काठ्यांनी पाड्यावरच्या कुडाच्या भिंती होतात. २०१६ साली उद्यानात कारवी फुलली तेव्हा आपण मंडळातर्फे गेलो होतो. डोंगराला निळी-जांभळी शाल पांघरल्यासारखे दिसत होते. त्या वेळी मावशी नव्हत्या, त्यांची फार आठवण झाली.

त्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकविली. रान पाहण्यास उद्यानाचे तिकीट काढावेच लागते असे नाही, ते आपल्या माजघरात आहे. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक धावड्याचा. विड्यातला कात खैराचा. त्रिफळा चूर्णातला हिरडा आणि बेहडा ही दोन्ही झाडे याच डोंगरात आहेत. जुन्या जेवणावळीतली पत्रावळ पळसाची. आपल्या आज्यांना हे सारे ठाऊक होते. आपण पुड्या विकत आणू लागलो आणि झाडांची नावे विसरलो. आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्यावर कुऱ्हाड पडली तर आपल्याला हळहळ तरी कशी वाटावी? झाड गेले एवढेच कळते, ऐन गेला की बहावा हे कळत नाही.

मावशींच्या त्या प्रश्नानंतरच्या वर्षी मंडळाच्या सभेत मी प्रस्ताव मांडला, की वटपौर्णिमेला फांदी आणावयाची नाही. उभ्या वडाला जावयाचे आणि जाताना एक कळशी पाणी न्यावयाचे. थोडी कुरकुर झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाल्या, “आमच्या गुडघ्यांचे काय?” त्यांना रिक्षाने नेण्याची सोय केली, आणि मग त्याच सर्वांच्या आधी तयार होऊन बसू लागल्या. ती प्रथा आजतागायत चालू आहे. पन्नास वर्षांत मंडळाने शिवणवर्ग चालविले, बालवाडी चालविली, पापड-लोणच्यांची विक्री केली. त्या सर्वांबरोबर ही लहानशी गोष्टही अहवालात नोंदवावी अशी माझी विनंती आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षासाठी एक सूचना करते आणि लेख पुरा करते. राष्ट्रीय उद्यानातून एक पानही तोडून आणण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण ओळख करून आणण्यास बंदी नाही. प्रत्येकीने या वर्षात सात झाडे नावानिशी ओळखावयास शिकावे आणि ती नातवंडांना दाखवावीत. आणि शक्य तर पाड्यावरच्या एखाद्या जाणत्या बाईला मंडळात पाहुणी म्हणून बोलवावे, तिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, आणि भाषण आपण न करता तिला बोलू द्यावे.

कान्हेरीच्या डोंगरात पाण्याचे टाके देणाऱ्यांनी आपले नाव दगडावर लिहून ठेवले. माझ्या मावशींचे नाव कोठेच लिहिलेले नाही. त्यांनी दाखविलेले काकडाचे झाड मात्र पाड्याच्या कडेला अजून उभे आहे. कोणाला पाहावयाचे असल्यास मी घेऊन जाईन. गुडघे आता माझेही दुखतात, तेव्हा जरा सावकाश जाऊ.